पाच हजार एकोणचाळीस

मी, अँब्रोझ टनर्ड, वय बहात्तर, धंदा सुतारकाम, राहणार स्कार्थबी, परगणा लिंकनशायर, डोकं ठिकाणावर असताना आणि मानेवर कुणाचा हात नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. गुडघे गेले, कान शाबूत आहेत. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. घर व शिल्लक बहिणीच्या तिन्ही मुलींना समसमान. चौदाव्या वर्षी या गावात आलो तेव्हा माझ्याजवळ एक उसनी करवत होती. वाटणीवरून कुणी तोंड वाकडं करू नये.

२. पटाशा व रंधे माझा भागीदार क्लेमेंट रास्क याला. मोठा रंधा त्याने १९७१ साली न विचारता नेला, तोही आता त्याचाच.

३. चर्चच्या घंटाघरातली ओकची पाटी मी कोरली. ४ मे १९५७ रोजी आम्ही पाच हजार चाळीस क्रम वाजवले, असं तिच्यावर आहे. सात घंटा मागेपुढे करून वाजवायचे क्रम तेवढेच होतात. प्रत्येक एकदाच वाजायला हवा. एक जरी दुबार झाला तरी तीन तासांचं वाजवणं खोटं, आणि पाटी लागत नाही.

दोर सोडताच तिसऱ्या घंटेवरची एनिड पिंचबेक म्हणाली, "एक क्रम दुबार झाला. चौथी माझ्या आधी वाजली."

आमचा म्होरक्या कथबर्ट लीक हसला. "अगं बाई, पोटातले कावळे ऐकलेस तू! सुतारा, तुझे कान तिखट. बोल."

चौथी माझीच होती. हात चुकला होता, आणि मला ऐकूही आलं होतं.

"छे," मी म्हणालो, "एकदम स्वच्छ."

"मग माझं नाव कोरू नकोस," एनिड म्हणाली. पाटीवर तिसरीपुढची जागा म्हणून कोरी आहे. तिने पुन्हा दोर धरला नाही. गाव तिला एकेचाळीस वर्षं 'बहिरी पिंचबेक' म्हणतं. कबूल करायला चारदा तिच्या फाटकापर्यंत गेलो. चारही वेळा बिजागरी दुरुस्त करून परतलो.

पाच हजार चाळीसला एकापासून दहापर्यंत कशानेही भागा, बाकी उरत नाही. पण वेगवेगळे क्रम वाजले ते एकाने कमी. पाच हजार एकोणचाळीस ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून कुणीच तिला भागत नाही, हे मी कागदावर ताडून पाहिलं. या कलमालाही वाटेकरी नाही. खोटं माझं एकट्याचं.

सबब मी पाटी उतरवावी व मागच्या बाजूला कोरावं : '५०३९. एनिड पिंचबेकने बरोबर ऐकलं.' पाद्रीबाबांची संमती सोबत आहे.

४. माझ्या दफनाला घंटा वाजवाव्यात. तिसरीचा दोर एनिडला द्यावा. ती नको म्हणाली तर कुणी धरू नये. तिसरीच्या जागी तेवढं थांबावं.

सहीपूर्वीची दुरुस्ती : साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. एनिडने वाचला, दोनदा. मग म्हणाली, "मेल्यावर कशाला रे? हात चालतात ना अजून? आणि ती बिजागरी आजही कुरकुरते."

त्यानुसार कलम ३ मध्ये 'माझ्यामागे' खोडलं आहे, व 'क्लेमेंटने' खोडून 'मी' लिहिलं आहे. खोडलेल्या जागी तिघांची आद्याक्षरं आहेत.

सही : अँब्रोझ टनर्ड

साक्षीदार : १. डोरा हॅलम, पोस्टमास्तरीण
२. एनिड पिंचबेक, घंटावादक

स्कार्थबी, ७ नोव्हेंबर १९९८