वहिनीने वाचवलेली भजनं

मस्कत. शुक्रवार, संध्याकाळ.

आज वहिनीला मानलं! बाबा गेले, पण त्यांनी गायलेली भजनं कोरगावला घरच्या जुन्या कॉम्प्युटरात राहिली. तो आता पेनड्राइव्ह ओळखत नाही आणि अर्ध्या तासात आपोआप बंद पडतो. म्हणून दादाने त्याला वायरने नवा लॅपटॉप जोडला. लॅपटॉपवर जुना दिसत होता, पण आत शिरायला देत नव्हता. मी इथून फोनवर शहाणपणा केला, "जुन्याला फॉरमॅट मारा." सगळं पुसून गेलं असतं. पण मी सातवीतून पळालेला, मला काय ठाऊक?

वहिनी म्हणाली, "भावजी, तुमी ड्रायवर ना? गाडी बंद पडली तर इंजिन फेकून देतात काय? गप ऱ्हवा जरा."

मग पडद्यावरचं इंग्रजी तिने एकेक अक्षर करून कॅलेंडरच्या पाठी उतरून घेतलं आणि दोनदा वाचलं. घोळ बाबांचाच. जुन्याला त्यांनी पासवर्डच ठेवला नव्हता, आणि बिनपासवर्डाचा कॉम्प्युटर वायरीवरून कोणाला आत घेत नाही म्हणे. तिने जुन्यावर पासवर्ड घातला, लॅपटॉपने विचारला तिथे तोच दिला. उघडलं!

एकेक अक्षर! मी तर न वाचताच ओके दाबून मोकळा झालो असतो.

सगळी भजनं उतरल्यावर तिने फोन लॅपटॉपजवळ धरला. बाबा आधी खाकरले, मग सूर लागला. इथे माझ्या खोलीतले सगळे सोबती माझ्याकडे बघायला लागले, म्हणून गाडी धुवायची आहे सांगून खाली आलो. गाडी सकाळीच धुतलेली.