आईचं कागदावरचं वय

दादा,

आईचा ऑस्ट्रेलियाचा व्हिसा अजून आलेला नाही. धाकट्याचा आला, त्याच्या बायकोचा आला, दोन्ही नातवंडांचे आले. डांगे चौकातल्या टूरवाल्यांच्या ऑफिसातल्या बाईंनी आज दुपारी फोनवर हे पक्कं सांगितलं, आणि कारणही सांगितलं. कागदावर आईचं वय शहात्तर आहे, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना तिकडे वैद्यकीय तपासणीशिवाय व्हिसा देत नाहीत, आणि आईची तपासणी झालेली नाही. विमानाला तेरा दिवस उरलेत.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तेव्हा थोडं मागचं सांगायला हवं. तुमचा मुलगा, म्हणजे आपला धाकटा, चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत प्लॅनिंग खात्यात मोठ्या जागेवर आहे. कंपनीतलं काम उंबऱ्याच्या बाहेर ठेवावं असं तुम्ही म्हणायचात. त्यानं ते ऐकलेलं नाही. चौदा दिवसांच्या सहलीचा त्यानं जो तक्ता केलाय, तो पाहिला की माणसं फिरायला चाललीत की माल रवाना होतोय, ते कळत नाही. प्रत्येक दिवसाला रंग, प्रत्येक ठिकाणाला मिनिटं. समुद्रकिनारा, चाळीस मिनिटं. तक्त्यात काही ठिकाणांपुढे कंसात ‘बाहेरून’ असं लिहिलंय. म्हणजे अर्धं जग ओलांडून जायचं आणि इमारतीच्या दारात उभं राहून फोटो काढून बसमध्ये बसायचं. मी त्याला विचारलं, “आत काय आहे ते बघायचं नाही?” तर म्हणाला, “ताई, आत गेलो तर पुढचे दोन पॉइंट जातात.” त्याच्या बोलण्यात कुठेही विनोद नव्हता.

गेल्या महिन्यात थेरगावातल्या एका मंगल कार्यालयात सगळ्या प्रवाशांची सभा झाली. आईला सोबत म्हणून मी गेले. चाळीस माणसं, चाळीस भगव्या टोप्या, आणि टूरच्या मालकानं पहिल्याच वाक्यात दिलेलं वचन: “चौदा दिवसांत एक दिवससुद्धा तुम्हाला घराची आठवण येणार नाही.” का येणार नाही, तर आचारी बरोबर असणार. सकाळी पोहे, दुपारी वरणभात, गुरुवारी उपासवाल्यांना खिचडी. हे ऐकून सभेनं टाळ्या वाजवल्या. घराची आठवण येऊ नये म्हणून सगळं घरच पाठीवर घेऊन निघालेली ही माणसं, दादा. माझ्या शेजारी तुमची सून तिच्या मैत्रिणीला हळूच विचारत होती, “मेतकुटाचं सांगावं लागतं का गं विमानतळावर? का पावडरच्या डब्यात चालून जाईल?” पुढच्या रांगेत जुन्या गावकीतले एक गृहस्थ होते. शेताचे प्लॉट पाडून मोकळे झालेले, बोटांत चार अंगठ्या. त्यांनी हात वर केला.

“मालक, तिकडं गुंठ्याला काय रेट चाललाय?”

“भाऊ, तिकडे गुंठा नसतो.”

“मंग एकराचा सांगा की. फोटोत बघा राव, एवढा माळ मोकळा पडलाय, आन् कुणी प्लॉटिंग करंना.”

“आवो,” त्यांच्या बायको म्हणाल्या, “आपण बघाय चाललोय, घ्यायला न्हाई.”

सगळे हसले, मीही हसले, पण माझं हसणं त्यांच्यातलं नव्हतं. मी त्यांना वरून बघत होते. तो वरून बघण्याचा गुण मला कुठून आला, ते तुम्हाला सांगायला नको.

तुम्हाला फिरायला जाणारी माणसं कधी आवडली नाहीत. आकुर्डीच्या कंपनीत तुमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी आणि आमची शाळेची रविवारी. कारखान्यांच्या पूर्ण पट्ट्यात तसंच होतं, त्यात तुमचा दोष नव्हता. पण बाकीच्यांच्या घरी यावर काहीतरी तोड निघायची. कुणी रजा टाकायचं, कुणी पोरांना गुरुवारी शाळेतून घरी ठेवायचं. आपल्याकडे चौघं मिळून दिवसाउजेडी घरात असल्याचा एकही दिवस मला आठवत नाही. तुमच्या खात्यातले लोक दरवर्षी एक बस करून महाबळेश्वरला जायचे, तेव्हा तुम्ही ओट्यावर बसून त्यांची टर उडवायचात. “डोंगर बघाया बस करून जात्यात, येडे. घोरावडेश्वर काय पळून चाललाय व्हय?” आणि मी, आठ-नऊ वर्षांची, तुमच्याबरोबर हसायचे. घराजवळच्या त्या घोरावडेश्वरालाही आपण कधी गेलो नाही, हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली.

वर्षभर एकही खाडा न करणाऱ्याला कंपनी बक्षीस द्यायची. स्टीलची पिंपं, डबे, पातेली, त्यांवर कोरलेलं ‘शंभर टक्के हजेरी’. आईच्या मांडणीवर ती भांडी अजून ओळीनं उभी आहेत. पाहुणे आले की तुम्ही ती मोजून दाखवायचात. लहानपणी मला त्यांचा अभिमान वाटायचा. आता त्या मांडणीकडे पाहिलं की एवढंच दिसतं, की ह्यातला प्रत्येक डबा म्हणजे आपण कुठेच न गेलेलं एक वर्ष आहे, आणि ते घासण्याचं काम तिच्याकडे आहे.

आज दुपारी बाईंचा फोन झाल्यावर धाकट्याचा आला. त्यानं आधी त्या बाईंना फोन करून चांगलंच झापलं होतं. तुमच्या निष्काळजीपणामुळे हे झालं, तपासणीचं आम्हाला कुणी सांगितलंच नाही, मी तुमच्या मालकाशी बोलतो, वगैरे. बाई म्हणे ‘सॉरी सर’ एवढंच म्हणत राहिल्या. मग मला म्हणाला, “ताई, आता आईचं राहू दे. बीपी आहे, गुडघे आहेत, त्यात परत तपासणीची धावपळ. तिची सीट रद्द करू. तू जाऊन समजावून सांग तिला, तुझं ऐकते ती.” मला, खरं सांगते, बरं वाटलं. हा सगळा भगव्या टोप्यांचा तमाशा निदान आईच्या वाट्याला येणार नाही. संध्याकाळी मी आकुर्डीला आईकडे गेले ते वाक्य तयार करूनच.

आई स्वयंपाकघरात खाली बसून लसूण सोलत होती. मी सांगितलं, वय शहात्तर असल्यामुळे अडलंय. तिनं मान वर केली.

“मी न्हाई शहात्तरची.”

“आई, पासपोर्टवर तेच आहे.”

“आसंल. पानशेत फुटलं तवा मी आठ वर्षांची. पुढचे दात पडले हुते माझे. पाण्याची बातमी सांगत मामा आला, तर मी तोंडावर हात धरून बसलेली, दात न्हाईत म्हणून लाज वाटायची. आता तूच मोज.”

मी मोजलं. पानशेत फुटलं एकसष्ट साली. कागदाप्रमाणे ती तेव्हा बारा वर्षांची होती. बारा वर्षांच्या मुलीचे पुढचे दात पडत नाहीत. ती बहात्तर वर्षांची आहे, दादा. मग हे चार वर्षांचं ओझं आलं कुठून, असं मी विचारलं, तर तिनं ते जणू कालच घडल्यासारखं सांगितलं. लग्नानंतर कंपनीत घरच्यांची नोंद करायची होती. तुम्ही रांगेत होतात, पाळी सुरू व्हायची होती. टाइम ऑफिसातल्या कारकुनानं विचारलं, बायकोचं वय? तुम्ही म्हणालात, “लिवा दोन वर्सांनी ल्हान.” रांगेतले सगळेच तसं सांगायचे. कुणी दोन, कुणी तीन, नवऱ्याच्या वयातून वजा करून बायकोचं वय काढायची तिथली रीतच होती. त्या कार्डावरून रेशनकार्ड, रेशनकार्डावरून आधार, आधारवरून पासपोर्ट. तुम्ही तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे होतात. ते तुम्हाला ठाऊकच नव्हतं.

“तू सांगितलं नाहीस त्यांना?”

“त्यांनी इचारलंच न्हाई की.”

मी तेहेतीस वर्षं वर्तमानपत्राच्या टेबलावर दुसऱ्यांची वयं तपासतेय. बातमीत मेलेल्या माणसाचं वय चुकलं तर आम्ही दुसऱ्या दिवशी दिलगिरी छापतो. तुम्ही जिवंत बायकोचं वय अंदाजानं सांगितलंत आणि भोंगा व्हायच्या आत मशिनीवर जाऊन उभे राहिलात, हजेरी बुडू नये म्हणून. मला तुमचा राग आला असता तर बरं झालं असतं. मला तुमची कीव आली, आणि ती काही चांगल्या जातीची कीव नव्हती.

मग मी तयार करून आणलेलं वाक्य बोलले. म्हटलं, “आई, जाऊ दे ना. काय आहे तिथं? चाळीस माणसांचा कळप, पोहे खायचे, फोटो काढायचे. तुला कशाला हवंय ते?” ती लसूण सोलतच राहिली. म्हणाली, “तुमी दोघं हसला व्हता.”

मला कळेना, कोण दोघं. तिनं सांगितल्यावर आठवलं, आणि इतकं लख्ख आठवलं की ते मी विसरले होते यावर माझा विश्वास बसेना. मी कॉलेजात आहे. थंडीचे दिवस, बाहेर मिट्ट काळोख, तुमची पहिली पाळी. टीव्हीवर ऑस्ट्रेलियातली क्रिकेटची मॅच लागलीय, तुम्ही चहाची बशी धरून उभ्या उभ्या बघताय, मी गोधडीत. तिकडे भर ऊन. हिरव्यागार उतारावर माणसं टोप्या तोंडावर घेऊन आडवी पडलीत, बायका पाय पसरून बसल्यात. आई पोळी लाटता लाटता दारात येते, हात पिठाचे. म्हणते, “आपल्याकडं अजून दिस न्हाई उगवला, आन् तिकडं एवढं ऊन कसं?” तुम्ही म्हणता, “ह्यांना काय कामधंदा न्हाई, म्हणून ऊन. डबा भर, भोंगा व्हईल.” आणि मी हसते. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. पृथ्वी आणि सूर्य, एका वाक्याचं काम. तुमच्या बाजूनं असण्यात तेव्हा मोठेपणा वाटायचा. ती आत गेली आणि तुमचा डबा वेळेवर भरला.

“तवापासून वाटतं,” आई म्हणाली, “त्या गवतावर एकदा पाय पसरून बसावं. उनात. कुणाचा डबा न्हाई, काय न्हाई.”

थेरगावच्या सभेत सगळ्यांनी जेवणाचं विचारलं तेव्हा तिनंही एक प्रश्न विचारला होता, तिथं गवतावर बसू देतात का. मालक म्हणाला होता, “आजी, बसायला वेळच कुठं मिळणार?” मला तो तिचा भाबडेपणा वाटला होता. त्या सभेत, तिकडे कशासाठी जायचं हे ठाऊक असलेली ती एकटीच होती, आणि मी तिच्याही डोक्यावरून बघत होते.

धाकट्याला मी तिथूनच फोन लावला. सीट रद्द करायची नाही, म्हटलं. तो म्हणाला, “ताई, तूच तर पहिल्यापासून ह्या टूरला नाकं मुरडतीयेस.” म्हटलं, अजूनही मुरडते. तुझा तक्ता मला हास्यास्पदच वाटतो. पण आई जाईल. तक्त्यात एका ठिकाणी दोन तास मोकळे ठेव, बाहेरून नाही, आतून नाही, नुसते मोकळे. “दोन तास कुठून आणू?” असं तो विचारत असतानाच मी फोन ठेवला. कागदावरची जन्मतारीख आता बदलत बसायला वेळ नाही. शहात्तरची म्हणूनच तिला तपासणीला उभं राहावं लागणार, तुम्ही दिलेली चार वर्षं अंगावर घेऊन.

आता राहिलेलं एक. आईला मेल नाही, स्मार्टफोन नाही, म्हणून तिच्या कागदांसाठी माझा नंबर दिलेला होता. टूरच्या बाईंनी तपासणीचं पत्र मला तीन आठवड्यांपूर्वीच व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. मी ते त्याच दिवशी वाचलं. तारीख जवळ आलेली कळूनही कागद दाबून ठेवणं हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात हलकं काम, आणि मी ते केलं. आईचं जाणं परस्पर राहून जाईल, असं वाटलं. धाकटा त्या बाईंना झापत होता तेव्हा त्यांच्याकडे माझा नंबर आणि निळ्या दोन खुणा होत्या. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. सॉरी सर म्हणाल्या. उद्या रविवार, तरी त्यांना फोन करून माफी मागायची आहे, धाकट्याला खरं सांगायचं आहे.

तुम्हाला सांगणं सोपं गेलं, कारण हा कागद कुठेच जाणार नाही. रात्री मी बाईंना मेसेज केला, त्यांनी सोमवारी सकाळी साडेदहाची वेळ मिळवून दिलीय, पुण्यात. छातीचा फोटो, रक्त, लघवी, बीपी. सगळं दोन तासांत होतं आणि अहवाल दवाखाना परस्पर पाठवतो, असं बाई म्हणतात. पुढे साधारण आठवडा लागतो, कधी जास्तही. विमानाआधी व्हिसा येईलच, असं त्यांनी सांगितलेलं नाही. आईला त्या पत्राचं मी अजून बोललेले नाही. सोमवारी गाडीत बसल्यावर बोलेन; नको, बीपी मोजून झाल्यावर, परत येताना बोलेन.