गुहेतला मासा

११ जानेवारी

उत्क्रांतीचा धडा डोक्यात शिरत नाही! पालथ्या घड्यावर पाणी. चाचणी पुढच्या आठवड्यात. आधी असलं सगळं दादाच शिकवायचा. बॅटरीच्या दुकानात काम करताना डोळ्यांत अ‍ॅसिड उडालं, तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून पडलेला. डॉक्टर म्हणाले, दृष्टी परत येणार नाही. आणि आमची खोली एकच. मला मोठ्याने वाचल्याशिवाय पाठ होत नाही – म्हणजे त्याच्या उशाशीच घोकायचं.

१२ जानेवारी

नको ते झालं. ध्रुवावरचं अस्वल, निवडुंग, बेडूक – घडाघडा म्हणत होते. पान उलटलं आणि तोंडातून गेलंसुद्धा – ‘अंधाऱ्या गुहेत राहणाऱ्या माशांचे डोळे...’

जीभ चावली.

“थांबलीस का? वाच.”

वाचलं. काय करणार! पिढ्यान्‌पिढ्या वापर नाही, म्हणून डोळे नाहीसे झाले वगैरे. तो म्हणाला, “माशाला हजारो पिढ्या मिळाल्या, ठमे. मला एक दुपार.”

आई ताट घेऊन दारातच उभी होती. ताट तसंच परत गेलं.

१४ जानेवारी

जिराफबाईंना (विज्ञानाच्या, फार उंच आहेत) तास संपल्यावर गाठलं. एकट्या प्राण्याचं अनुकूलन होतं का?

“नाही गं. एकटा जीव बदलत नाही, पिढ्या बदलतात. एकटा फार तर शिकतो. पण ते परीक्षेला नाही.”

घरी येऊन दादाला फक्त ‘शिकतो’ एवढंच सांगितलं. वाटलं, बरं वाटेल त्याला.

“शिकून काय करू? बॅटऱ्या हुंगत बसू?”

मलाच अक्कल नाही.

१५ जानेवारी

आज पाण्याशिवाय काही घेतलं नाही त्याने.

१६ जानेवारी

दुकानातला त्याचा मित्र आला होता. दादाने झोपेचं सोंग घेतलं. मित्र बराच वेळ खाटेकडे बघत बसला, मग चपला घालताना रडला. मीही रडायला लागले, तर आईने दंड धरून जिन्यात ओढलं. “रडायचं तर इथे रड. त्याला ऐकू येतं.” मग तीही तिथेच पायरीवर बसली.

१८ जानेवारी

चाचणी. प्रश्न तिसरा – ‘काही जीव टिकतात, काही नष्ट होतात. कारणे द्या.’ हात हललाच नाही. बाकीचं काहीबाही खरडलं.

२२ जानेवारी

वीसपैकी पाच! आई जिराफबाईंचे शेरे वाचत होती, हळूच – पण खाटेवरून आवाज आला. “काय? उंटाच्या वशिंडात पाणी?” दादा उठून बसला होता. “चरबी असते, गाढवे, चरबी! कुणी शिकवलं हिला? आई, फेरपरीक्षा कधी आहे विचार. हिने वाचायचं, मी समजावणार – आणि आधी मला जेवायला वाढ, हिच्यावर ओरडायला अंगात ताकद लागते.”