हिच्या आवाजाची प्रत

सोमवार, ३ जून
हिच्या शाळेतल्या निरोपसमारंभाची डीव्हीडी कपाटातून काढली. घरात हिचा आवाज एवढ्या एकाच डिस्कवर आहे. बाकी नुसते फोटो. मुलीला प्रत हवी आहे, नातीला आजी ऐकवायची म्हणते. नात झाली तेव्हा ही नव्हती. जावई फोनवर म्हणाले, "बाबा, डिस्क इकडे पाठवा, मी करतो." उभं आयुष्य ऑफिसचा झेरॉक्स विभाग सांभाळला मी. मला प्रत काढायला शिकवणार? तोंडावर आलं होतं, गिळलं.

मंगळवार, ४ जून
एरर. पुन्हा एरर. दोष कोऱ्या डिस्कचा. हल्ली कशात दम म्हणून राहिला नाही.

बुधवार, ५ जून
दोष कॉम्प्युटरचा. तो माझ्याकडे बघतच नाही. संध्याकाळी दुकानदाराला विचारलं. म्हणाला, "काका, मूळ डिस्कवर चरे आहेत. ठेवून जा, बघतो." हिला परक्या दुकानात ठेवून येऊ? छे! उठून आलो.

गुरुवार, ६ जून
जमलं! प्रोग्रॅम वगैरे सगळं थोतांड. वरच्या ड्राइव्हमध्ये मूळ डिस्क, खालच्यात कोरी. व्हिडिओचं चित्र माउसच्या उजव्या बटणाने धरलं, खाली आणून सोडलं आणि विचारलं त्यातलं 'शॉर्टकट' निवडलं. चित्राच्या कोपऱ्यात छोटासा बाण आला, छान दिसतो. डिस्क चुटकीसरशी तयार. लोकांना म्हणे अर्धा तास लागतो. लागत असेल बापड्यांना.
लगेच तपासली. मूळ डिस्क वर होतीच, खालची प्रत लावली. ही उभी राहिली, चष्मा पुसला, म्हणाली, "अहो, ऐकू येतंय ना मागे?" मागे मीच बसलो होतो. पुढे एका ठिकाणी मूळ डिस्क अडकते, तिथेच प्रतही अडकली. चरासुद्धा हुबेहूब उतरला! याला म्हणतात प्रत.
आणखी दोन काढल्या. एक तपासली म्हणजे सगळ्या तपासल्या.

शुक्रवार, ७ जून
ऑफिसात माझा नियम होता: चांगली प्रत निघाली की खराब मूळ बाद करायचं, नाहीतर घोळ होतो. आमच्या साहेबांना कधी पटलं नाही. आज नियम पाळला. डिस्कचे कात्रीने चार तुकडे केले. कापताना हात जरा थांबला. उगाच.
प्रती कुरिअर केल्या. एक जावईबापूंच्या नावाने मुद्दाम वेगळी.

मंगळवार, ११ जून
मुलीचा फोन. डिस्क चालत नाही. मी म्हटलं, तुमचा प्लेअर जुना असेल. सॉफ्टवेअर अपडेट करा. तिने तिन्ही लावून पाहिल्या म्हणे. मग जावई बोलले, अगदी हळू. डिस्कवर व्हिडिओ नाहीच. फक्त तो कुठे आहे त्याचा पत्ता आहे, तोही माझ्या वरच्या ड्राइव्हचा. मी पाहत होतो ती मूळ डिस्कच होती. "काही बिघडलं नाही बाबा, मूळ डिस्क पाठवा."
पाठवतो म्हटलं.

बुधवार, १२ जून
कचऱ्याच्या डब्यात तीन तुकडे मिळाले. चौथ्यासाठी सोसायटीचा मोठा डबा उपसला. वॉचमनने विचारलं, काय हरवलं? बिल, म्हटलं.
चौथा नाही. तीन तुकडे सेलोटेपने जोडले. उद्या दुकानदाराकडे नेतो. आजकाल काहीही करतात हे लोक.

गुरुवार, १३ जून
दुकानदार हसला नाही. हसला असता तर भांडता आलं असतं.

रविवार, १६ जून
मुलीला सांगितलं. तिने फोन नातीकडे दिला. नात म्हणाली, "आजोबा, आजी कशी बोलायची?"
म्हटलं, आजी म्हणायची, "अहो, ऐकू येतंय ना मागे?"
ती म्हणाली, "हा तर तुमचाच आवाज आहे."