तुरटी नव्हे, तूतिया

मुरलीपुरा, जयपूर
मंगळवार, ८ जुलै २००३

चि. सौ. चित्रास अनेक आशीर्वाद.

फोन बंद पडला की घरी बसायचं नसतं, ऑफिसात जाऊन भांडायचं असतं! कालपासून बोटं दुखेपर्यंत नंबर फिरवतेय, तुमच्या अख्ख्या वाडीत एक फोन जिवंत नाही. म्हणून लिहिते. माझ्या हातून भयंकर चूक झालीय. अर्णवच्या तोंडातल्या फोडांसाठी श्रीपादभाऊंबरोबर तुरटीची लाही पाठवली ना, ती तुरटी नाहीच. मोरचूद आहे. विष.

तनयाच्या कॉलेजात कसलंसं प्रदर्शन. तिने माझ्याच तव्यावर निळं मोरचूद भाजलं. त्यातलं पाणी उडालं की निळेपणाही जातो म्हणे, पांढरी भुकटी उरते. ती बरणीत भरून वर चिठ्ठी लावली, ‘तूतिया’. बाजारात नीला थोथा म्हणतात तेवढं मला ठाऊक, तूतिया कुठून कळणार? मी चौथी शिकलेली. मला वाटलं, हिंदी शाळेत शिकलेल्या माझ्या पोरीला तुरटी लिहिता आलं नाही. हसले तिला, आणि त्यातलीच पुडी बांधली. काल ती बरणी शोधत आली तेव्हा कळलं.

चिमूटभर बशीत घेऊन पाण्याचा थेंब टाक. निळं झालं की मोरचूद. लगेच पुरून टाक.

तुझी ताई,
गिरिजा


कोळवाडी, ता. राजापूर
१० जुलै २००३

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

पुडी सोमवारी पोचली. फोन मेलाय, रस्ता खणताना केबल तोडली. ताई, रागावू नकोस, पण तुरटी जुनी होती का गं? आमच्या दमट हवेत तीन दिवसांत वरून निळसर झाली. हे म्हणतात, जयपूरवाल्यांनी तुरटीसुद्धा रंगवली! मी पुन्हा तव्यावर खरपूस भाजली, पांढरी झाली बघ. डॉक्टरांचं औषध वीस तारखेला संपतंय. एकवीसच्या सोमवारपासून मधातून तुझी लाही लावीन. मावशीचं औषध म्हणून अर्णव आत्ताच आ करून दाखवतो.

माया आहेच, राहू दे.

तुझी,
चित्रा


जयपूर
मंगळवार, १५ जुलै २००३

चित्रे,

आशीर्वाद मागाहून. तुझं पत्र आत्ता हाती आलं. म्हणजे माझं आठ तारखेचं तुला मिळालेलंच नाही, नाहीतर तू राजापूर गाठून फोन केला असतास.

अगं, निळं झालं ते मोरचूदच! हवेतलं पाणी पिऊन स्वतःच्या रंगावर येत होतं, आणि तू भाजून ते पाणी पुन्हा उडवलंस. तुला काय बोलू, केलं मीच. पांढरी दिसते म्हणून भुलू नकोस. अर्णवच्या जिभेला कणसुद्धा लागता कामा नये. सोमवारची वाट न बघता लावलं असलंस, तर हे पत्र पुरं वाचूही नकोस. पोराला उचल, पुडी बरोबर घे, दवाखाना गाठ. तो तवा पुन्हा चुलीवर चढवू नकोस.

तार केलीय, पण तुमच्याकडे तारसुद्धा टपालाच्याच पिशवीतून येते. हे स्पीडपोस्टने टाकते. तनया दोन दिवस जेवलेली नाही. चिठ्ठीवर मराठीत का नाही लिहिलं, म्हणून रडते.

लोभ ठेव किंवा भांड, पण तुझ्या यजमानांना, देवदत्तांना, एस.टी.त बसवून अर्णवसकट राजापूरला पाठव. शनिवारी, एकोणीस तारखेला, संध्याकाळी सहाच्या आत मला फोनवर अर्णवचा आवाज ऐकव.

गिरिजा