टिकलीचं बटण

प्रिय बापू,

चष्मा सापडला का रे तिथं? की डोक्यावर ठेवून अजून सगळ्यांना विचारत फिरतोयस?

परवा आखाजी, अक्षय्य तृतीया. तुझ्या नावानं पहिली घागर भरायची. त्याआधी माझ्या हातून काय घडलं ते तुला सांगायलाच हवं. मी बोलते, तुझी लेक मोहिनी लिहिते. मध्येच थांबून नाक पुसते, मग माझाही धागा तुटतो.

आपल्या धुळ्याच्या दुकानातला तो स्कोप! शेतपंपाची सर्किटची कार्डं दुरुस्त करताना त्याच्या पडद्यावर हिरवी रेघ नाचायची. कुठल्या कार्डाला स्कोपची कशी मांडणी लागते ते तुझ्या लक्षात राहत नसे, म्हणून तू ती यंत्रातच नंबर देऊन ठेवायचास. "आई, माझ्या डोक्यापेक्षा ह्याचं डोकं बरं," म्हणायचास. खरंच होतं ते!

तुझे दोन्ही हात कार्डावर तारा धरण्यात गुंतले की हाक यायची, "आई, चार नंबर!" मला अक्षर कुठे कळतं? म्हणून तू बायकोच्या पाकिटातली लाल टिकली बटणावर चिकटवून दिलीस. शेजारची चकती चारदा टिकटिक फिरवायची, मग टिकली दाबायची. नाचरी रेघ जागच्या जागी उभी राहायची. "वा, असिस्टंट!" म्हणायचास. किती मिरवले मी गल्लीत!

तू गेलास. तेराव्यानंतर दुकान उघडलं तेव्हा धूळ मीच पुसली. टिकली गळून पडली, ती मीच परत लावली. शेजारच्या बटणावर, बापू. दोन्ही बटणं सारखीच की रे!

गेल्या आठवड्यात साक्रीहून एक कार्ड आलं. मोहिनीचे हात गुंतलेले. "आजी, चार नंबर!" अगदी तुझाच सूर. मी चकती फिरवली, टिकली दाबली. रेघ नाचतच राहिली. पुन्हा दाबली. मोहिनीनं वर पाहिलं आणि हातातल्या तारा खाली ठेवल्या.

"काय झालं गं? बोल तरी!"

"आजी, हे सेव्हचं बटण. आत्ताची मांडणी चारवर बसली, बाबांनी ठेवलेली पुसली गेली."

"बठ्ठंच गयं का? सगळं?"

"नाही गं. चार नंबरच."

"मग परत आण ना."

"ते नाही येत परत."

रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं माझं बोट हळूच बटणावरून उचललं, बस.

आणि तू रे? वहीत का नाही लिहून ठेवलंस? आईला वाचता येत नाही, म्हणून लेकानंही लिहिणं सोडायचं होय?

दोन दिवस खपून पोरीनं रेघ उभी केली. कार्ड चालू झालं. चार नंबरही आता पुन्हा चालतो. पण तो तिचा आहे रे, तुझा नाही. तुझ्या हातचं आधीच किती थोडं उरलं होतं! त्यातलं एक माझ्याच बोटानं गेलं.

अजून सहा नंबर तुझे आहेत. वचन देते, मोहिनी एकेक उघडून वहीत उतरवेपर्यंत मी त्या यंत्राला हात लावणार नाही. नुसती शेजारी बसेन.

तुझी आई
(अक्षर मोहिनीचं, अंगठा माझा)

ता. क. मोहिनी, आता तुझ्या नशिराबादच्या आत्याला कळव. घागरीवर ठेवायला खरबूज पाठव म्हणावं, आमरसाला आंबे पाठव. सांजोऱ्या पाठवू नको. बापूच्या सांजोऱ्या मीच करणार.