बावीस नंबरची फाइल

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

गूगलवर स्वतःचं नाव टाइप केलं आणि पहिल्याच ओळीत माझं रेशनकार्ड आलं. शिक्क्यासकट!

संध्याकाळी पुनर्विकासाच्या बैठकीला पलीकडच्या चाळीचे सेक्रेटरी सीताराम आले होते. निघताना मला जिन्याशी थांबवून म्हणाले, "रमाकांतराव, तुमच्या चाळीचे कागद बाहेर दिसतायत. नाव टाकलं की येतात." मी हसण्यावारी नेलं. चाळीचे कागद चाळीबाहेर कशाला दिसतील? घरी येऊन पाहिलं, तर दिसतायत.

ऑगस्टमध्ये मीच चढवले. सभेत आमच्याच चाळीतला रघुवीर ओरडला होता, कमिटी कागद दडवते, कोण पात्र कोण अपात्र ते आतल्या आत ठरतं. माझी सटकली. सेक्रेटरी म्हणून अकरा वर्षं कुणी बोट दाखवलं नाही, आणि हा मला शिकवणार! दोन दिवस झेरॉक्सच्या दुकानात बसून चौसष्ट खोल्यांच्या फाइली स्कॅन केल्या. गठ्ठेच्या गठ्ठे मशीनमध्ये घातले, एक पान वाचलं नाही. एका फुकटच्या साइटवर टाकल्या आणि लिंक नोटीस बोर्डावर लावली. वर लाल पेनाने— 'पारदर्शक कारभार'.

बोर्डावर लावलं ते चाळीपुरतं, असंच मी धरून चाललो. पाण्याच्या वेळा, गणपतीची वर्गणी, मयताची बातमी, सगळं त्याच बोर्डावर लागतं. लालबागच्या रस्त्यावरून लाखो माणसं जातात, त्यातलं कुणी आत येऊन ते कधी वाचलेलं नाही.

५ नोव्हेंबर

सकाळपासून एकेक फाइल उघडून बघतोय. भाडेपावत्या, लाइट बिलं, आधार. ते काय कमी वाईट आहे? पण बावीस नंबरच्या नवव्या पानावर थांबलो.

बावीस नंबर कालिंदीचा. जयवंत गेला २००९ साली, मिलच्या संपापासून खचलेलाच होता. खोली कालिंदीच्या नावावर करायची होती. मी तेव्हा फोर्टात एका वकिलाकडे कारकून. तिचं प्रतिज्ञापत्र मीच टाइप केलं, या बोटांनी. 'मी कै. जयवंत यांची विवाहित पत्नी नसून सन १९९४पासून त्यांच्यासोबत एकत्र राहत आहे...' मागे देवगडच्या बाईंची ना हरकत जोडलेली. त्या जयवंतच्या लग्नाच्या बायको. हे चाळीत तिघांनाच ठाऊक, त्यातला एक गेला. मी दुर्गालासुद्धा सांगितलं नाही, आणि बायकोपासून दुसरं काही लपवल्याचं मला आठवत नाही.

त्या दिवशी ऑफिसच्या पायऱ्या उतरताना कालिंदी म्हणाली होती, "भाऊ, श्रेयाक ह्या कधी कळाक नको." तिची मुलगी श्रेया तेव्हा बारा वर्षांची. मी तिला शब्द दिला. फार थाटात दिला, आठवतंय. तेव्हापासून दर भाऊबीजेला ती मला ओवाळते. यंदाही ओवाळलं— दोन आठवडेसुद्धा झाले नाहीत. मी पाटावर बसून चकली खात होतो आणि तिचं नववं पान जगभर उघडं होतं.

लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

६ नोव्हेंबर

साइटवरचं खातं उघडून ते पान काढून टाकावं, तर पासवर्ड आठवत नाही. नवा पासवर्ड मिळतो तो कमिटीच्या मोबाइलवर. तो नंबर रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलाय. रिचार्ज करणं कुणाचं काम? सेक्रेटरीचं.

साइटवर तक्रारीचा फॉर्म आहे. इंग्रजीतच. वकिलाकडे आयुष्य गेलं, फॉर्मला भ्यायचं कारण नव्हतं. पण एका प्रश्नाशी अर्धा तास अडलो. हा कागद कुणाचा? माझा स्वतःचा, मी ज्याच्या वतीने बोलतो त्याचा, की इतर. 'इतर'वर टिक केली. कारण विचारलं होतं, तिथे लिहिलं— चुकून टाकला गेला. 'टाकला गेला' म्हणे! मी टाकला असं लिहायला बोट वळलं नाही.

७ नोव्हेंबर

दुर्गा म्हणाली, "जेवत का नाही?" ॲसिडिटी म्हटलं.

८ नोव्हेंबर

साइटचं उत्तर आलं. नम्र आहे, पण ठाम. मी खातेदार असेन तर ओळखपत्र पाठवून खातं परत मिळवावं, त्याला दोन-तीन आठवडे लागतात. लवकर हवं असेल तर ज्या व्यक्तीची माहिती आहे तिच्या सहीचं पत्र जोडावं, दोन दिवसांत काढतील.

ओळखपत्र पाठवून दिलं. पण श्रेयाचा साखरपुडा तेवीस तारखेला आहे. मुलाकडचे ठाकूरद्वारचे, शिकलेले लोक. हल्ली सोयरिक करताना नाव टाकून बघतातच. आणि त्यांनी नाही बघितलं तरी श्रेया स्वतः कधीतरी बघेल. म्हणजे सही हवी. म्हणजे कालिंदीला सांगायला हवं.

९ नोव्हेंबर, रविवार

हे पान कुणाला दिसू नये. तसं कुठलंच दिसू नये, पण हे विशेष.

तिच्या सह्या माझ्याकडे ढीगभर आहेत. संमतीपत्र, पात्रतेचा अर्ज, भाडेकरार. दुपारी दुर्गा देवळात गेली तेव्हा जुन्या कॅलेंडरच्या मागे तिची सही गिरवून बघितली. सात वेळा. सातवी बरी जमली! ती जमल्याचं क्षणभर समाधानही वाटलं, म्हणजे मी कुठवर घसरलोय बघा. मग ते कॅलेंडर फाडून तुकडे केले आणि खाली जाऊन कचराकुंडीत टाकून आलो.

परत येताना जिन्यात श्रेया भेटली. "काका, काकूंना सांगा ना, बुधवारी दादरला साडी घ्यायला जातोय. त्यांची नजर चांगली आहे." किती सरळ पोर! मी कठड्याकडे बघत हो म्हटलं.

११ नोव्हेंबर

आज दोनदा बावीस नंबरच्या दारापर्यंत गेलो. पहिल्यांदा घरात पाहुणे होते. दुसऱ्यांदा कुणी नव्हतं, तरी परत आलो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सांगितलं.

श्रेया दुर्गाबरोबर दादरला गेली तशी मी गेलो. कालिंदी नारळ खवत बसली होती. मी सरळ फोनच तिच्यापुढे धरला. तिने चष्मा लावला, हात पदराला पुसले आणि एकेका ओळीखाली बोट फिरवत वाचलं. मीच लिहिलेली ती भाषा. तिला पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हाही ती अशीच ऐकत होती.

"ह्या खंय दिसता?"

"सगळीकडे."

"किती लोकांनी बघला?"

साइटवर आकडा असतो. एक्केचाळीस. त्यातले पुष्कळ वेळा मीच उघडलंय, म्हणणार होतो. पण तेही तोकडं वाटलं. मी सगळं सांगितलं. रघुवीरचं ओरडणं, गठ्ठे, बोर्ड, लाल पेन. माफी मागितली. रडू आलं मला, तिला नाही.

तिने खवणी बाजूला सारली. मग म्हणाली, "तुमी तरी एकदा बघूक व्हया होता, भाऊ." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मी उभा राहू शकलो असतो.

"सही खंय करूची?"

पत्र पुढे केलं. 'कालिंदी' लिहून पेन थांबलं. मग तिने 'जयवंत' लिहिलं, सावकाश, मोठ्या अक्षरात. पत्र माझ्या हातात देताना म्हणाली, "श्रेयाक कळाक नको. तेवढा तरी बघा." चहाचं विचारलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदाच.

१३ नोव्हेंबर

पत्र पाठवलं. कारणाच्या जागी या वेळी लिहिलं— मी न वाचता टाकला.

१५ नोव्हेंबर

गेलं! लिंक उघडली की कोरं पान येतं. कालिंदीला नळावर हळूच सांगितलं. तिने मान हलवली आणि हंडा उचलला.

बाकीच्या त्रेसष्ट फाइली अजून आहेत. खातं मिळालं की त्या काढीन. आज बोर्डावर नोटीस लावली— सर्वांचे कागद माझ्या चुकीने बाहेर दिसत आहेत, क्षमस्व, सेक्रेटरीपदाचा राजीनामा देत आहे. रघुवीरने वाचली. मला वाटलं, आता तोंड सोडणार. तो म्हणाला, "चालायचंच, रमाकांत." ते जास्त लागलं.

१८ नोव्हेंबर

श्रेयाने पत्रिका आणून दिली. 'कै. जयवंत व श्रीमती कालिंदी यांची सुकन्या'. "काका, तुम्ही पहिल्या ओळीत बसायचं हं, आईजवळ." मी हो म्हटलं. निदान हे तरी वाचलं, असं वाटून जरा जेवलो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

खातं परत मिळालं. त्रेसष्टच्या त्रेसष्ट फाइली काढल्या. मग बाजूला 'तक्रारी' दिसलं. बावीस नंबरवर दोन होत्या. एक माझी. दुसरी २ सप्टेंबरची, श्रेयाची.

'हा कागद माझ्या आईचा आहे. मी तो वाचलाय हे तिला कधीही कळता कामा नये. गुपचूप काढता येईल का?'

खाली साइटचं उत्तर— संबंधित व्यक्तीच्या सहीचं पत्र जोडावं. त्यापुढे तिने काही लिहिलेलं नाही. तक्रार बंद.